न्यायमूर्तींच्या खुर्चीत बसून पाहा: सर्वोच्च न्यायालय निकालापर्यंत कसं पोहोचतं

केरळमधली एक शाळा, साल १९८५. सकाळी राष्ट्रगीत सुरू होतं. 'यहोवाचे साक्षीदार' या पंथाची तीन भावंडं सगळ्यांबरोबर ताठ उभी राहतात, पण गात नाहीत. त्यांच्या श्रद्धेत ते बसत नाही. जुलै महिन्यात मुख्याध्यापिका त्यांना शाळेतून काढून टाकतात.

समोरच्या गटाला एवढंच सांगा आणि प्रत्येकाला एक चिठ्ठी द्या. मुलांना शाळेत परत घ्यावं की नाही? एका मिनिटात 'हो' किंवा 'नाही' लिहायचं, चर्चा करायची नाही. चिठ्ठ्या पाकिटात घाला, पाकीट चिकटवा आणि बाजूला ठेवा.

हे झालं मत. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल इथून बराच लांब असतो, आणि ते अंतर स्वतः कापल्याशिवाय नीट कळत नाही. नागरिकशास्त्राच्या पुस्तकात न्यायालयाची रचना पाठ होते, बातमीत निकालाची शेवटची ओळ कळते. मधलं सगळं राहून जातं: न्यायालयापुढे नेमकं काय आलं होतं, कोणता प्रश्न विचारला गेला, कोणते दरवाजे आधीच बंद होते. म्हणून इथे वर्गात, महाविद्यालयात किंवा वाचनगटात करता येण्यासारखी अभिरूप सुनावणी मांडली आहे. प्रकरण खरं आहे: बिजो इमॅन्युएल विरुद्ध केरळ राज्य, निकाल ११ ऑगस्ट १९८६. खेळणाऱ्यांना हे नाव शेवटपर्यंत सांगू नका. सांगितलंत की कोणीतरी मोबाइलवर निकाल शोधणार आणि खेळ तिथेच संपणार.

पन्नास-पन्नास मिनिटांच्या तीन बैठका पुरतात. माणसं पंधराच्या आसपास हवीत: तीन न्यायमूर्ती, प्रत्येकाला एक विधी लिपिक म्हणजे लॉ क्लार्क, दोन्ही बाजूंना दोन-दोन वकील आणि त्यांचे दोन-दोन कनिष्ठ, शिवाय वेळ आणि कागद सांभाळणारा एक कोर्ट मास्टर. वर्ग तीस जणांचा असेल तर तेच प्रकरण दुसऱ्या पीठापुढे, म्हणजे न्यायमूर्तींच्या दुसऱ्या गटापुढे, शेजारच्या खोलीत चालवा. दोन पीठं वेगळ्या निष्कर्षाला पोहोचली तर बिचकू नका. सर्वोच्च न्यायालयात सरन्यायाधीशांसह ३४ न्यायाधीशांची पदं आहेत, पण ते एकत्र बसत नाहीत. दोघा-तिघांची पीठं एकाच वेळी वेगवेगळ्या दालनांत बसतात, आणि कोणतं प्रकरण कोणापुढे जाईल हे सरन्यायाधीश ठरवतात.

पिंजरा नको, हातोडा नको

पहिली चूक सुरुवातीलाच होते. कोणीतरी मुख्याध्यापिका होतं, कोणी रडणारा मुलगा, साक्षीदाराला पिंजऱ्यात उभं केलं जातं, उलटतपासणी सुरू होते. हे खालच्या न्यायालयाचं काम आहे, तेही चित्रपटातल्या. भारतातल्या न्यायालयात लाकडी हातोडा वापरतच नाहीत. सर्वोच्च न्यायालयापुढे येणाऱ्या अपिलांत साक्षीदार येत नाहीत. तथ्यं खालून कागदावर येतात आणि साधारणपणे ती तशीच धरून चालावी लागतात. म्हणून या खेळात पक्षकारांच्या भूमिका ठेवूच नका. मुलं आणि मुख्याध्यापिका फक्त कागदावर असतील.

त्या कागदाला कोर्टाच्या बोलीत पेपरबुक म्हणतात. खऱ्या प्रकरणात ते शेकडो पानांचं असू शकतं, तुमचं चार पानांचं असू द्या. पहिल्या पानावर सारांश आणि तारखांची यादी. विशेष अनुमती याचिकेत, म्हणजे अपिलाची परवानगी मागणाऱ्या अर्जात, ही यादी खरोखर असते, आणि अनुभवी वकील सगळ्यात जास्त मेहनत तिच्यावरच घेतात, कारण न्यायमूर्ती आदल्या रात्री फाइल वाचताना पहिल्यांदा तीच पाहतात. दुसऱ्या पानावर उच्च न्यायालयाने काय म्हटलं ते. तिसऱ्यावर कायद्याचे प्रश्न आणि आव्हानाची कारणं. चौथ्यावर प्रार्थना, म्हणजे नेमकं काय मागायचं आहे ते.

तारखांच्या यादीत या गोष्टी हव्यातच. शाळांत राष्ट्रगीत गायलं जावं अशा अर्थाची शिक्षण खात्याची परिपत्रकं होती. मुलं नेहमी आदराने उभी राहत होती. एका आमदाराने विधानसभेत प्रश्न उपस्थित केल्यावर चौकशी आयोग नेमला गेला, आणि मुलं कायदा पाळणारी आहेत, त्यांनी अनादर केला नाही, असा अहवाल त्याने दिला. तरीही शाळा तपासनिसांच्या सूचनेवरून मुलांना काढण्यात आलं. उच्च न्यायालयात आधी एकल न्यायमूर्तींनी आणि मग खंडपीठाने याचिका फेटाळली. 'मुलांचा आक्षेप राष्ट्रगीताच्या शब्दांना किंवा विचारांना नाही, गाण्याच्या कृतीला आहे' हे वाक्य दुसऱ्या परिच्छेदात, ठळक न करता, साध्या अक्षरात टाका. पुढे त्याचं काम आहे.

पहिला दरवाजा

बहुतेक लोकांना वाटतं की सर्वोच्च न्यायालयात गेलं की सुनावणी होतेच. तसं नाही. अनुच्छेद १३६ खाली येणारी विशेष अनुमती याचिका ही अपील करण्याची परवानगी मागणारी याचिका असते. उच्च न्यायालयाच्या निकालापासून साधारण ९० दिवसांत ती दाखल करायची, आणि तीही 'अ‍ॅडव्होकेट-ऑन-रेकॉर्ड' ही परीक्षा उत्तीर्ण झालेल्या नोंदणीकृत वकिलामार्फतच. नव्या याचिकांच्या दिवशी एकेका पीठापुढे डझनावारी प्रकरणं असतात. एकेकाला काही मिनिटंच मिळतात.

म्हणून पहिल्या बैठकीत याचिकाकर्त्याच्या वकिलाला चार मिनिटं द्या. पाचवं मिनिट नाही. पीठाकडे तीन पर्याय असतील: याचिका फेटाळणे, समोरच्याला नोटीस काढणे, किंवा अपिलाची अनुमती देणे. अनुमती मिळाली की याचिकेचं दिवाणी अपील होतं. मुलांचं वर्ष वाया जाऊ नये म्हणून अंतरिम आदेश हवा का, हेही त्याच वेळी ठरवायचं.

इथे वकील हमखास चुकतात. ते 'आमच्यावर अन्याय झाला' एवढंच सांगत राहतात. पण देशभरातून येणारा प्रत्येक जण तेच सांगत असतो. पीठाला ऐकायचं असतं की उच्च न्यायालय कायद्यात कुठे चुकलं आणि त्या चुकीचा परिणाम या तीन मुलांपलीकडे कोणावर होतो. ते पहिल्या मिनिटात आलं नाही तर पीठाने याचिका फेटाळावी. खेळ पुढे न्यायचा म्हणून दया दाखवू नका. वकिलांना दहा मिनिटं देऊन पुन्हा मांडायला लावा.

याचिका कारण न देता फेटाळली, याचा अर्थ सर्वोच्च न्यायालयाने उच्च न्यायालयाच्या निकालावर पसंतीची मोहोर उठवली, असा होत नाही. न्यायालयाने २००० साली कुन्हयाम्मेद प्रकरणात हे स्पष्ट केलं आहे. बातम्यांमध्ये मात्र 'सर्वोच्च न्यायालयाचाही दणका' असा मथळा येतो. हा फरक एकदा खेळून पाहिलेला माणूस तो मथळा वेगळ्या नजरेने वाचतो.

सगळं प्रश्नावर ठरतं

या संपूर्ण खेळात वेळ सगळ्यात जास्त द्यायचा तो इथे. युक्तिवाद सुरू होण्याआधी पीठाने विचारार्थ मुद्दे लिहून काढायचे. पंधरा मिनिटं, विधी लिपिकांच्या मदतीने, फळ्यावर.

पहिल्या प्रयत्नात जवळजवळ प्रत्येक गट लिहितो: 'राष्ट्रगीताचा आदर महत्त्वाचा की धर्म महत्त्वाचा?' हा वक्तृत्व स्पर्धेचा विषय झाला. न्यायालयाला याचं उत्तर देता येत नाही, कारण उत्तर तपासायला कोणतंही मोजमाप नाही. मुद्दा असा लिहायला हवा की संविधानाचा मजकूर, कायद्याचं कलम आणि फाइलमधली तथ्यं यांच्या आधारे 'होय' किंवा 'नाही' म्हणता येईल. उदाहरणार्थ: शाळेतल्या प्रत्येक मुलाने राष्ट्रगीत गायलंच पाहिजे असं सांगणारा एखादा कायदा आहे का? असेल तर मुलांनी तो मोडला का? गप्प राहणं अनुच्छेद १९(१)(क) मधल्या अभिव्यक्तीच्या स्वातंत्र्यात येतं का? येत असेल तर त्यावर घातलेलं बंधन वाजवी बंधनांना परवानगी देणाऱ्या अनुच्छेद १९(२) मध्ये बसतं का, आणि खात्याचं परिपत्रक म्हणजे त्या अनुच्छेदातला 'कायदा' होतो का? मुलांची श्रद्धा धर्मस्वातंत्र्याच्या अनुच्छेद २५(१) च्या संरक्षणात येते का?

पाच मुद्दे, आणि त्यांत 'देशभक्ती' हा शब्द एकदाही नाही. ते पाहून गट थोडा खट्टू होतो. मोठा विषय लहान केल्यासारखं वाटतं. पण न्यायालयाचं सामर्थ्य त्या लहान करण्यातच आहे. न सुटणारं भांडण उत्तर देता येण्याजोग्या तुकड्यांत वाटलं, की मग माणसं एकमेकांशी न भांडता कागदाशी झुंजतात.

आता ते साध्या अक्षरातलं वाक्य. केरळ उच्च न्यायालयाने राष्ट्रगीताचे शब्द तपासले आणि म्हटलं की कोणाच्याही धार्मिक भावना दुखावतील असं त्यात काही नाही. हे उत्तर अगदी बरोबर आहे. पण प्रश्न चुकला होता. मुलांचा आक्षेप शब्दांना नव्हताच, गाण्याला होता. सर्वोच्च न्यायालयाने उच्च न्यायालयाची गल्लत नेमकी इथेच दाखवली. तुमच्या पीठाने मुद्दे लिहिताना ती ओळ पकडली का ते पाहा. निसटली असेल तर लगेच सांगू नका. सुनावणीत याचिकाकर्त्याच्या वकिलाला ती दाखवू द्या, आणि मग पीठाला मुद्दा खोडून पुन्हा लिहू द्या. फळ्यावर मुद्दा खोडला जातो तो क्षण तासभराच्या व्याख्यानापेक्षा जास्त शिकवतो.

पत्त्यांवरचे आकडे

दुसऱ्या बैठकीच्या सुरुवातीला दोन्ही बाजूंना पूर्वनिर्णयांचे, म्हणजे आधीच्या निकालांचे, पत्ते वाटायचे. पोस्टकार्डाएवढ्या कागदावर प्रकरणाचं नाव, वर्ष, तीन ओळींत काय ठरलं, आणि उजव्या कोपऱ्यात मोठ्या आकड्यात पीठात किती न्यायमूर्ती होते ते. हा आकडा विसरला की खेळाचा कणाच जातो.

कारण नियम असा: लहान पीठावर मोठ्या पीठाचा निकाल बंधनकारक. तेवढ्याच न्यायमूर्तींच्या आधीच्या पीठाशी मतभेद असेल तर तो निकाल उलटवता येत नाही, प्रकरण मोठ्या पीठाकडे पाठवण्यासाठी सरन्यायाधीशांपुढे ठेवावं लागतं. इथे संख्या पीठाची मोजायची, बाजूने पडलेल्या मतांची नाही. नऊ जणांच्या पीठाने ५ विरुद्ध ४ असा दिलेला निकाल सात जणांनी एकमताने दिलेल्या निकालापेक्षा वरचढ ठरतो. २०२२ मध्ये त्रिमूर्ती फ्रॅग्रन्सेस प्रकरणात पाच जणांच्या घटनापीठाने हे नि:संदिग्ध केलं.

खासगीपणाच्या हक्काचा पुट्टस्वामी निकाल नऊ जणांच्या पीठाने का दिला, हा प्रश्न या टप्प्यावर जरूर विचारा. उत्तर आकड्यात आहे. १९५४ च्या एम. पी. शर्मा प्रकरणात आठ जणांचं पीठ होतं, आणि खासगीपणा हा मूलभूत हक्क नाही असं म्हणणारे त्याच निकालाचा आधार घेत होते. आठांच्या पलीकडे जायचं तर नऊ हवेत. २४ ऑगस्ट २०१७ ला त्या नऊ जणांनी एकमताने निकाल दिला, पण कारणमीमांसा सहा वेगवेगळ्या निकालपत्रांत आली.

आपल्या प्रकरणासाठी चार-पाच पत्ते पुरतात. सहा न्यायमूर्तींचा खडकसिंग निकाल हवाच: मूलभूत स्वातंत्र्यावर बंधन घालायचं तर त्यामागे कायदा लागतो, नुसत्या खातेअंतर्गत सूचना चालत नाहीत. त्याच्या जोडीला आणखी एक पत्ता कामेश्वर प्रसाद प्रकरणाचा: सरकारी कर्मचाऱ्यांवरची सरसकट निदर्शनबंदी त्यात अवैध ठरली होती. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा १९४३ चा बार्नेट निकालही ठेवा, तिथे ध्वजवंदनाची सक्ती असंवैधानिक ठरली होती. त्याच्या कोपऱ्यात आकडा लिहू नका, 'फक्त विचारार्थ' असं लिहा, कारण परदेशी निकाल आपल्यावर बंधनकारक नसतात. अनुच्छेद ५१क चाही एक पत्ता राज्याच्या बाजूला द्या: राष्ट्रगीताचा आदर करणं हे १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने नागरिकाचं मूलभूत कर्तव्य केलं आहे. राज्याचा वकील दुबळा राहिला तर सगळा खेळ एकतर्फी होतो, म्हणून त्याच्या हातात खरोखरीची शस्त्रं हवीत.

पत्ते तयार करताना चॅटबॉटवर विसंबू नका. ही साधनं अस्तित्वात नसलेले निकाल अगदी खऱ्यासारखे लिहून देतात. प्रत्येक पत्ता ई-एससीआर या सर्वोच्च न्यायालयाच्या मोफत निकालसंग्रहात शोधून मगच छापा. बऱ्याच निकालांची मराठी भाषांतरंही न्यायालयाच्या संकेतस्थळावर मिळतात. न्यायालयाचं कामकाज इंग्रजीत चालत असलं तरी तुमची सुनावणी बेलाशक मराठीत घ्या.

सुनावणी

प्रत्येक बाजूला बारा मिनिटं, शेवटी याचिकाकर्त्याला प्रत्युत्तरासाठी तीन. प्रत्यक्षात एरवी इतकी काटेकोर मर्यादा नसते, पण घटनापीठापुढच्या मोठ्या सुनावण्यांत वेळ आधी वाटून देण्याची पद्धत अलीकडे रुळली आहे. पहिली दोन मिनिटं वकिलाला बोलू द्यायचं. तिसऱ्या मिनिटापासून पीठाने प्रश्न विचारलेच पाहिजेत, दर दोन मिनिटांना किमान एक. न्यायमूर्ती लाजतात ही या टप्प्यावरची सगळ्यात मोठी अडचण असते. प्रत्येक न्यायमूर्तीने विधी लिपिकाबरोबर बसून चार प्रश्न आधी लिहून ठेवावेत, दोन एका बाजूला, दोन दुसऱ्या बाजूला.

चांगली सुनावणी साधारण अशी चालते.

राज्याचे वकील: "राष्ट्रगीत न गाणं हा राष्ट्राचा अवमान आहे, महोदय."

पीठ: "कोणत्या कायद्याने?"

"राष्ट्रप्रतिष्ठा अवमान प्रतिबंध अधिनियम, १९७१. कलम ३."

"कलम वाचून दाखवा."

वकील वाचतात: राष्ट्रगीत गाण्यास जाणूनबुजून प्रतिबंध करणं, किंवा ते गाणाऱ्या समुदायात व्यत्यय आणणं.

"या मुलांनी कोणाला गाण्यापासून अडवलं?"

"नाही, महोदय."

"व्यत्यय आणला?"

"नाही. पण शिक्षण खात्याचं परिपत्रक आहे."

"ते कोणत्या कायद्याने दिलेल्या अधिकारात काढलं?"

इथे वकील कागद चाळू लागतात. दोन प्रश्नांत बाजू कलमावरून परिपत्रकावर आली आणि तिसऱ्याला परिपत्रकाखालची जमीनही हलली. आरडाओरडा नाही, टाळ्या नाहीत. निकालाची दिशा अशी शांतपणे बदलते.

मग तोच कस दुसऱ्या बाजूचा. "उद्या कोणी म्हणालं की उभं राहणंही माझ्या श्रद्धेत बसत नाही, तर तुमच्या तर्काने त्यालाही सूट द्यावी लागेल?" नवखा वकील घाईने 'हो' म्हणतो आणि पीठाला घाबरवतो, किंवा 'नाही' म्हणतो आणि स्वतःचाच तर्क मोडतो. तयारीचा वकील सांगतो: "तो प्रश्न या प्रकरणात सोडवण्याची गरज नाही. इथे मुलं आदराने उभी होती हे मान्य तथ्य आहे, आणि आमची मागणी तेवढीच आहे." अशा 'उद्या कोणी' प्रश्नांमागे कुतूहल नसतं. आज आखलेली रेष उद्या कुठवर जाईल हे न्यायमूर्ती त्यातून मोजत असतात, कारण अनुच्छेद १४१ नुसार सर्वोच्च न्यायालयाने सांगितलेला कायदा देशातल्या सगळ्या न्यायालयांवर बंधनकारक होतो.

संबोधनावरून अडू नका. 'माय लॉर्ड' सक्तीचं नाही. २००६ मध्ये बार कौन्सिल ऑफ इंडियाने 'युअर ऑनर' किंवा 'ऑनरेबल कोर्ट' असे पर्याय सुचवले होते. 'महोदय' छान चालतं. फाइलमध्ये नसलेलं तथ्य वकिलाने सांगितलं तर मात्र कोर्ट मास्टरने लगेच घंटी वाजवावी. 'मुलांच्या वडिलांचा हेतूच वेगळा होता' असली वाक्यं सुनावणी सर्वाधिक बिघडवतात.

बंद दारामागे

युक्तिवाद संपले की निकाल राखून ठेवायचा. तिसऱ्या बैठकीपर्यंत एक रात्र मध्ये जाऊ द्या.

मतदान हात वर करून कधीच घेऊ नका. पहिला हात वर गेला की बाकीचे त्याच्याकडे पाहतात. प्रत्येक न्यायमूर्तीने प्रत्येक मुद्द्यापुढे आधी एका वाक्यात कारण लिहायचं, मग 'होय' किंवा 'नाही'. कारण लिहिता आलं नाही तर तो रकाना कोरा राहील आणि चर्चेत भरला जाईल. उभे रकाने न्यायमूर्तींचे, आडव्या ओळी मुद्द्यांच्या, असा तक्ता करा.

हा तक्ता का लागतो ते महाराष्ट्रातल्या वाचकाला एका निकालातून चटकन कळेल. मराठा आरक्षणाचा निकाल ५ मे २०२१ ला पाच जणांच्या घटनापीठाने दिला. '३ विरुद्ध २' असं त्याचं वर्णन अनेकदा ऐकू येतं. पण मुद्देनिहाय पाहिलं तर, ५० टक्क्यांच्या मर्यादेचा इंद्रा साहनी निकाल आणखी मोठ्या पीठाकडे पाठवायचा का, यावर पाचही जण 'नाही' म्हणाले. मर्यादा ओलांडण्याजोगी असाधारण परिस्थिती आहे का, यावरही पाचही जणांचं उत्तर 'नाही'. ३ विरुद्ध २ अशी फूट पडली ती १०२ व्या घटनादुरुस्तीनंतर मागास वर्ग निश्चित करण्याचा राज्यांचा अधिकार उरतो का, या एका मुद्द्यावर. बहुमताने तो उरत नाही असं म्हटलं, आणि त्याच वर्षी संसदेने १०५ वी घटनादुरुस्ती करून तो राज्यांना परत दिला. निकालाला एकच आकडा चिकटवला की हे सगळं पुसलं जातं.

अनुच्छेद १४५(५) नुसार निकाल बहुमताने होतो, आणि असहमत न्यायमूर्तीला स्वतंत्र निकालपत्र लिहिता येतं. संविधानाच्या अर्थाचा महत्त्वाचा प्रश्न गुंतला असेल तर किमान पाच जणांचं पीठ लागतं, हे त्याच अनुच्छेदाच्या तिसऱ्या खंडात आहे. दोघांच्या पीठात एकास एक झालं तर? ऑक्टोबर २०२२ मध्ये कर्नाटकातल्या हिजाबच्या प्रकरणात तसंच झालं. न्यायमूर्ती हेमंत गुप्ता आणि न्यायमूर्ती सुधांशू धुलिया यांनी परस्परविरोधी निकाल दिले आणि प्रकरण मोठ्या पीठासाठी सरन्यायाधीशांकडे गेलं. बिजो इमॅन्युएल प्रकरणातही दोघेच होते, न्यायमूर्ती ओ. चिन्नप्पा रेड्डी आणि न्यायमूर्ती एम. एम. दत्त, पण त्यांचं एकमत झालं.

यानंतर एकाने मसुदा लिहायचा आणि इतरांकडे फिरवायचा. इतरांपुढे तीन वाटा असतात: सही करणे, सहमत राहून वेगळी कारणं लिहिणे, किंवा असहमतीचा निकाल लिहिणे. मसुदा दीड पानाचा पुरे. तथ्यं चार ओळींत आणि मुद्दे जसे फळ्यावर आहेत तसे. हरणाऱ्या बाजूचा युक्तिवाद तिला स्वतःला पटेल इतक्या प्रामाणिकपणे मांडायचा. मग कारणं, आणि शेवटी आदेश.

आदेश लिहिताना बहुतेक गट अडखळतात. 'धार्मिक स्वातंत्र्य अबाधित आहे' हा आदेश नव्हे. उद्या सकाळी शाळेने काय करायचं ते त्यात हवं. प्रत्यक्ष निकालात मुलांना शाळेत परत घ्यावं, विनाअडथळा शिकू द्यावं आणि त्यासाठी आवश्यक त्या सुविधा द्याव्यात, असा निर्देश होता. तुमचा आदेश मुख्याध्यापिकेच्या टेबलावर ठेवला तर त्या काय करतील, हे विचारून पाहा.

एक तथ्य बदला

निकाल वाचून झाला की दहा मिनिटांची एक फेरी. कोर्ट मास्टर प्रकरणातलं एकच तथ्य बदलतो आणि विचारतो, तुमचा निकाल अजून लागू पडतो का? मुलं बसून राहिली असती तर? परिपत्रकाऐवजी विधानसभेने कायदा केला असता तर? कारण श्रद्धेचं नसून कंटाळ्याचं असतं तर? ज्या तथ्याला हात लावताच निकाल कोसळतो, ते निर्णयाच्या गाभ्यात आहे. ज्याने काही फरक पडत नाही, ते ओघात आलेलं. वकील पूर्वनिर्णय वाचताना हीच विभागणी करत असतात: बांधून ठेवणारा भाग कोणता आणि नुसतं भाष्य कोणतं.

दुसऱ्या वेळी वेगळं प्रकरण घ्यायचं असेल तर श्रेया सिंघल, मार्च २०१५. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६क त्यात रद्द झालं. दहा काल्पनिक संदेश छापा आणि प्रत्येकाला, शेजाऱ्याला न दाखवता, 'घोर आक्षेपार्ह' वाटतील त्यांवर खूण करायला सांगा. खुणा जुळणार नाहीत. कलमातले शब्द संदिग्ध आहेत हा युक्तिवाद त्या न जुळणाऱ्या खुणांतच असतो. प्रशिक्षित न्यायाधीशांचेही अशा शब्दांवर वेगवेगळे निष्कर्ष निघतात, हे न्यायालयाने इंग्लंडमधल्या दोन प्रकरणांचा दाखला देऊन दाखवलं होतं. सध्या न्यायालयात प्रलंबित असलेलं प्रकरण मात्र घेऊ नका. फाइल पूर्ण मिळत नाही आणि गट बातम्यांच्या आधारे वाद घालू लागतो.

संगणकावर खेळायचे तयार खेळही आहेत. अमेरिकेच्या माजी न्यायमूर्ती सँड्रा डे ओ'कॉनर यांनी २००९ मध्ये सुरू केलेल्या आयसिव्हिक्सचे खेळ त्यांत उत्तम आहेत, आणि युक्तिवादाला कोणता आधार जोडायचा याचा सराव त्यांतून चांगला होतो. पण तिथलं न्यायालय वेगळं आहे. नऊच्या नऊ न्यायमूर्ती एकत्र बसतात, प्रकरण घ्यायला त्यांपैकी चौघांची संमती लागते, आणि प्रत्येक बाजूला सहसा अर्धा तास मिळतो. पीठाच्या आकाराचा आपल्याकडचा सगळा गुंता त्यात येतच नाही. शिवाय बटण दाबून निवडलेलं कारण आणि स्वतःच्या शब्दांत लिहिलेलं कारण यांत फार फरक असतो. ते खेळ तयारीसाठी वापरा, लिहिण्याच्या जागी नको. घटनापीठाच्या सुनावण्या सप्टेंबर २०२२ पासून थेट प्रक्षेपित होतात. त्यातली वीस मिनिटं दुसऱ्या बैठकीआधी पाहिलीत तर न्यायमूर्ती किती वेळा मध्ये बोलतात हे आपोआप कळेल.

सगळ्यात शेवटी खऱ्या निकालाचं नाव सांगा, आणि मग ते पाकीट उघडा. 'हो' किती आणि 'नाही' किती हे मोजण्यात वेळ घालवू नका. ज्यांची पहिल्या दिवशीची चिठ्ठी एक सांगते आणि तक्त्यातलं मत दुसरं, त्यांना उभं करा. नेमक्या कोणत्या मुद्द्यापाशी वाट वळली, हे त्यांनी एका वाक्यात सांगायचं. मग १९८६ च्या निकालपत्रातला तो भाग मोठ्याने वाचा, जिथे न्यायमूर्ती म्हणतात की ही श्रद्धा आम्हाला पटते की नाही हा प्रश्नच नाही. ती खरोखर आणि मनापासून बाळगलेली आहे का, एवढंच आम्हाला पाहायचं आहे.